ट्रॅक्टरला जादा लाइट लावताना अल्टरनेटरच्या आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ट्रॅक्टरला ३६ अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा भाग) आहे. रात्रीच्या कामासाठी मागे चार आणि पुढे दोन, असे ५५ वॅटचे सहा हॅलोजन लॅम्प लावायचे आहेत. त्यातले दोन मागच्या लाइटच्या वायरीवर जोडून पाहिले, तर डॅशबोर्डवरचा स्विच हाताला चटका बसेल इतका तापतो. इंजिन स्लोला आलं की सगळेच लाइट पिवळे पडतात. मोठा अल्टरनेटर टाकावा का?

आत्ता तरी टाकू नका. स्विच तापणं आणि स्लोला लाइट पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. अल्टरनेटर दुप्पट केलात तरी स्विच तापायचा थांबणार नाही, कारण त्याच्यातून जाणारा करंट तेवढाच राहणार. आणि स्लोला लाइट मंदावण्याचं कारण अल्टरनेटरवर छापलेल्या आकड्यात नसून तो आकडा कोणत्या फेऱ्यांना मिळतो त्यात आहे.

आधी स्विच बघू, कारण आगीची भीती तिथे आहे. कारखान्यातून येणारा लाइटचा स्विच आणि त्यामागची वायर नेमक्या लोडसाठी दिलेली असते: दोन हेडलाइट, मागचे दिवे, मीटरमधले बारीक बल्ब आणि मागे एखादा लॅम्प. त्या वायरीवर ५५ वॅटचे आणखी दोन लॅम्प चढवले की १० अँपिअर वाढतात. वायर तेवढ्यावर लगेच जळत नाही. आधी मरतो तो स्विचचा कॉन्टॅक्ट. स्विच काढून मागून खोलून बघा. पितळी पत्ती जिथे टेकते तिथे काळा डाग दिसेल, शेजारचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन किंचित खचलेलं असेल, आणि पिनेपासून बोटभर लांबीपर्यंतची वायर वाकवली तर इन्सुलेशनला तडे जातील. काळा डाग म्हणजे रेझिस्टन्स, करंटला अडथळा. रेझिस्टन्समुळे जागा तापते, तापल्याने पत्तीचा ताण जातो, ताण गेला की दाब कमी होतो आणि रेझिस्टन्स आणखी वाढतो. हे एकदा सुरू झालं की पॉलिश पेपर मारून भागत नाही. काही दिवसांत परत तेच होतं. पत्ती काळी पडली असेल तर स्विच नवा टाका.

एवढं तापूनही फ्यूज का उडाला नाही, असा प्रश्न इथे पडतोच. फ्यूजला फक्त आपल्यातून जाणारा करंट कळतो, दोन हात लांब असलेला सैल कॉन्टॅक्ट कळत नाही. १५ अँपिअर नीट जोडलेल्या सर्किटमध्ये निवांत वाहतो आणि तोच १५ अँपिअर खराब कॉन्टॅक्टमध्ये प्लॅस्टिक वितळवतो. म्हणून जादा लाइट लावल्यावर फ्यूज उडायला लागला तर मोठा फ्यूज टाकायचा नाही, आणि तारेचा तुकडा तर कधीच नाही. फ्यूज त्या वायरीला वाचवायला बसवलेला आहे. तुम्ही लॅम्प वाढवले म्हणून वायर जाड झालेली नाही.

आता करंटचा जमाखर्च. बल्बवर ५५ वॅट लिहिलेलं असतं ते १२ व्होल्टच्या हिशोबाने. इंजिन चालू असताना सिस्टीममध्ये १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात, तेव्हा तोच हॅलोजन साधारण ५ अँपिअर ओढतो. सहा लॅम्पचे झाले ३० अँपिअर. हेडलाइटचे दोन बल्ब १० अँपिअर धरा. मागचे दिवे, मीटरचे बल्ब, डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असेल तर तो, असं मिळून आणखी ४ धरा. बेरीज ४४. अल्टरनेटरवर लिहिलंय ३६. म्हणजे कागदावरच तूट आहे, आणि प्रत्यक्षात ती याहून मोठी असते.

कारण ३६ हा आकडा अल्टरनेटर स्वतः मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास फिरत असतानाचा असतो. ट्रॅक्टरचं इंजिन स्लोला ७५० वर असेल आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या दुपटीने-अडीचपटीने फिरत असेल, तर त्याला मिळतात जेमतेम १५००-१९०० फेऱ्या. तिथे तो पूर्ण क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी देतो. तुमचे लाइट स्लोला पिवळे पडतात ते यामुळे. कमी पडलेला करंट बॅटरी भरून काढते, व्होल्टेज १४ वरून १२ च्या खाली घसरतं, आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजला भयंकर हळवा असतो: व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. रोटाव्हेटर चालवताना इंजिन १५००-१८०० वर असतं तेव्हा परिस्थिती बरी असते, पण तिथेही बोनेटखालची उष्णता आहेच. तापलेला अल्टरनेटर थंड असतानापेक्षा कमी देतो.

मी हिशोब असा धरतो: छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कायमचा लोड टाकायचा. ३६ चे झाले साधारण २९. उरलेलं बॅटरीचं. सेल्फ मारल्यावर गेलेला करंट तसा थोडाच असतो, दोन-तीन सेकंदांचा. पण आदल्या रात्री बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन सुरू झाल्यावर सुरुवातीचा बराच वेळ ती एकटीच १०-१५ अँपिअर खेचते. हा खर्च हिशोबात कुणी धरत नाही, आणि मग नवी बॅटरी वर्षभरात बसली म्हणून बॅटरीला शिव्या बसतात. सेल्फची बॅटरी थोड्या वेळात खूप करंट द्यायला बनवलेली असते. रोज रात्री थोडी थोडी उतरत राहिली आणि कधीच पूर्ण भरली नाही, तर तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि क्षमता जाते.

या २९ अँपिअरमध्ये तुमचे सहा लॅम्प बसवायचे असतील तर वाट एकच आहे, आणि ती अल्टरनेटरपेक्षा सोपी आहे. हॅलोजन सोडा, एलईडी वर्क लॅम्प घ्या. खरोखर २५ वॅट ओढणारा बरा एलईडी लॅम्प १४ व्होल्टच्या आसपास २ अँपिअरपेक्षा थोडं कमीच घेतो आणि ५५ वॅटच्या हॅलोजनपेक्षा जास्त उजेड देतो. सहाचे १२ अँपिअर. आधीच्या १४ मध्ये मिळवले तर २६. बसलं.

‘खरोखर’ म्हणालो, कारण एलईडीच्या खोक्यावरचे वॅट बेधडक लिहिलेले असतात. आत २४ दाणे असले की प्रत्येकी ३ वॅटने गुणून ७२ वॅट छापतात. तो लॅम्प मीटरवर घातला की कधी २०, कधी २५ वॅट निघतात. करंटच्या दृष्टीने ही फसवणूक आपल्या पथ्यावर पडते, पण उजेडाच्या दृष्टीने पैसे जातात. विकत घेतानाच बॅटरीला लावून अँपिअर मोजा. मागची बॉडी हाताला जड लागली पाहिजे आणि तिला पंख असले पाहिजेत, कारण एलईडीचा जीव उष्णतेने जातो आणि ती उष्णता बाहेर टाकायला अॅल्युमिनियम लागतं. व्होल्टेजची मर्यादा १० ते ३० व्होल्ट अशी लिहिलेली असावी. पाण्याच्या बाबतीत आयपी६७ पुरेसं आहे. पण ट्रॅक्टर प्रेशर वॉशरने धुत असाल तर आयपी६९के बघा, नाहीतर काचेच्या आत दव धरतं.

हेडलाइटच्या मूळ काचेत मात्र एलईडी बल्ब खुपसू नका. तिथला रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो. उजेडाचा उगम हलला की झोत फुटतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला लांबचं कमीच दिसतं. हेडलाइट आहेत तसे राहू द्या.

मागे चार लॅम्प हवेतच का, हेही एकदा विचारात घ्या. कॅनोपीच्या किंवा रोल बारच्या दोन्ही कोपऱ्यांना उंचावर, खाली झुकवून लावलेले पसरट झोताचे दोन लॅम्प अवजार आणि त्यामागची दहा-बारा फूट जमीन स्वच्छ दाखवतात. मडगार्डवर खाली लावलेल्या चार लॅम्पपेक्षा हे चांगलं. खालचा लॅम्प ढेकळांच्या लांब सावल्या पाडतो आणि उडालेली धूळ नेमकी डोळ्यांसमोर उजळवतो. निळसर पांढऱ्या उजेडात तर धुळीचा पडदाच दिसतो, म्हणून ५००० केल्विनच्या आसपासचा किंवा त्याहून थोडा पिवळा रंग घ्या. आधी दोन लावून एक रात्र काम करा. बहुतेकांना बाकीचे दोन लागत नाहीत, आणि न लावलेल्या लॅम्पचा लोड शून्य असतो. रोल बारला भोक पाडायचं नाही, वेल्डिंगही करायचं नाही. तो ट्रॅक्टर उलटल्यावर जीव वाचवणारा भाग आहे, त्याला क्लॅम्प लावा. दुसरीकडे कुठे पट्टी वेल्ड करावी लागलीच, तर आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा.

आता जोडणी. नव्या लॅम्पांचा करंट जुन्या स्विचमधून जाऊ द्यायचा नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. त्यासाठी रिले, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीच्या प्लसकडून येणारी जाड वायर, ८७ वरून लॅम्पकडे जाणारी वायर, ८६ ला स्विचमधून येणारी बारीक वायर आणि ८५ ला अर्थ, म्हणजे चासीकडून बॅटरीकडे परत जाणारी वायर. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, म्हणजे स्विचवर लोड जवळजवळ राहतच नाही. स्विचला येणारा प्लस चावी चालू केल्यावरच मिळेल अशा जागेवरून घ्या. थेट बॅटरीवरून घेतलात तर कधीतरी लॅम्प रात्रभर चालू राहतील आणि सकाळी सेल्फ नुसता टकटक करेल. रिलेवर ३० किंवा ४० अँपिअर लिहिलेलं असलं तरी २० च्या वर कायमचा चालवू नका. पुढचे लॅम्प एका रिलेवर, मागचे दुसऱ्यावर. म्हणजे नुसतं पुढे बघायचं असताना मागचे बंद ठेवता येतात, आणि रस्त्यावर आल्यावर मागचे पांढरे लॅम्प बंदच हवेत. मागून येणाऱ्याला ते हेडलाइट वाटतात आणि ट्रॅक्टर आपल्याकडे येतोय की पुढे चाललाय हे कळत नाही. रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचत नाही.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात पाहिजे. वायरीच्या दुसऱ्या टोकाला, डॅशबोर्डखाली बसवलेला फ्यूज मधली सगळी वायर उघडी सोडतो. ती कुठे पत्र्यावर घासली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात आणि थांबवायला काहीच नसतं. मुख्य वायर ४ चौरस मिमीची, तिच्यावर ३० अँपिअरचा फ्यूज. पुढे रिलेतून मागच्या चार एलईडींना २.५ चौरस मिमी आणि १५ चा फ्यूज, पुढच्या दोघांना दीड चौरस मिमी आणि १० चा. हॅलोजनच ठेवणार असाल तर मागच्या चारांचे २० अँपिअर होतात, मग तिथे ४ चौरस मिमीच लागेल.

वायर जाड का, तेही मोजून बघा. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या एका मीटरला ७ मिलिओहम रेझिस्टन्स असतो. चार मीटर जायला आणि चार परत यायला धरले तर ५६ मिलिओहम. ८ अँपिअरला अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी पडझड, चालेल. तीच दीड चौरस मिमीची घेतली आणि २० अँपिअरचे हॅलोजन लावले तर जवळजवळ १.९ व्होल्ट वाटेतच जातात. मग लॅम्प नवे असूनही उजेड नाही म्हणून माणूस आणखी दोन लॅम्प लावतो. वायर बारीक तारांची, गाडीसाठीची घ्या. घरातल्या फिटिंगची एकाच जाड तारेची वायर कंपनाने तुटते. आणि टोक तासून बघा, आत पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर आहे, तिचा रेझिस्टन्स बराच जास्त असतो.

जोड पिळून त्यावर टेप गुंडाळायचा नाही. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) नीट दाबा, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवा. नुसता डाग देऊन सोल्डर केलेला जोड ट्रॅक्टरच्या कंपनात सोल्डर संपतं तिथेच तुटतो. वायर सायलेन्सरपासून, पीटीओ शाफ्टपासून आणि हायड्रॉलिकच्या हातांपासून लांबून न्या. हायड्रॉलिकचे हात पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून बघा, वायर कुठे ताणली जात नाही ना. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

अर्थकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मंद लाइटच्या तक्रारी सर्वांत जास्त तिथूनच येतात. लॅम्पचा बोल्ट मडगार्डला, मडगार्ड रंगावर, कॅनोपी रबरी बुशावर. असा करंट परत बॅटरीपर्यंत यायला दहा गंजलेले बोल्ट पार करतो. प्लसइतक्याच जाडीची काळी वायर प्रत्येक लॅम्पपासून आणून एका जागी, घासून चकचकीत केलेल्या चासीच्या बोल्टवर किंवा थेट बॅटरीच्या मायनसवर बांधा. बॅटरी ते गिअरबॉक्स ही मूळ अर्थपट्टीही सोडवून, घासून परत आवळा. तुमच्या ट्रॅक्टरचे निम्मे लाइट नुसत्या यानेच उजळण्याची शक्यता आहे.

अल्टरनेटरऐवजी डायनॅमोवाला जुना ट्रॅक्टर असेल त्याने हा सगळा हिशोब आणखी हात आखडून करावा. तिथे ११ ते २२ अँपिअरच मिळतात आणि स्लोला कटआउट (डायनॅमो बॅटरीपासून तोडणारा स्विच) उघडतो तेव्हा काहीच मिळत नाही, सगळा लोड बॅटरीवर येतो. अशा ट्रॅक्टरला दोन एलईडी, बस्स. डॅशबोर्डवर काटा दोन्ही बाजूंना जाणारा अँपिअर मीटर असेल तर जादा लॅम्पचा प्लस बॅटरीच्या टर्मिनलवरून घेऊ नका, मीटरच्या अल्टरनेटरकडच्या बाजूने घ्या. नाहीतर लॅम्पकडे जाणारा करंट मीटरला चार्जिंग म्हणून दिसतो आणि बॅटरी उतरत असताना काटा प्लसकडे झुकलेला राहतो. ही वायर मात्र त्या मीटरच्या टर्मिनलपासूनच फ्यूजमधून न्यावी. काही फार जुन्या ट्रॅक्टरांना प्लस अर्थ असतो. तिथे एलईडी उलटा जोडला तर पेटत नाही आणि कधी कधी जळतोही. बॅटरीचं कोणतं टोक चासीला आहे ते आधी बघा.

याच्या उलट टोकाला, कंट्रोल युनिट (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या ट्रॅक्टरमध्ये मूळ वायरीला टोचून कुठेही प्लस काढू नका. वर्क लॅम्पसाठी किंवा जादा उपकरणांसाठी कंपनीने सॉकेट दिलेलं असतं, त्याची अँपिअरची मर्यादा पुस्तिकेत असते, ते वापरा. स्वस्त एलईडीच्या आतला ड्रायव्हर रेडिओत खरखर आणतो आणि जीपीएसच्या सिग्नललाही त्रास देतो. असं झालं तर लॅम्प अँटेनापासून लांब हलवा, नाही भागलं तर लॅम्प बदला.

मोठा अल्टरनेटर कधी? केबिनमध्ये एसी असेल, त्याचा पंखा, वर फवारणीचा इलेक्ट्रिक पंप असेल आणि एलईडी लावूनही बेरीज खरोखर त्या २९ च्या पुढे जात असेल तर. पण मग नुसता अल्टरनेटर बदलून चालत नाही. त्यापासून बॅटरीपर्यंतची वायर ३६ साठी दिलेली असते, तिच्यातून ६५ गेले तर ती तापेल. ती जाड करावी लागते. बेल्टवर ओढ वाढते, तो सैल किंवा चकाकलेला असेल तर घसरतो आणि नव्या अल्टरनेटरमधूनही जुन्याइतकंच मिळतं.

सगळं झाल्यावर मोजा. मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, इंजिन कामाच्या फेऱ्यांवर ठेवा, सगळे लाइट लावा. १३.५ च्या वर असेल तर उत्तम. १३ च्या खाली असेल तर बॅटरीच्या खात्यात काही जमा होत नाही, आणि १२.६ च्या खाली गेलं तर बॅटरी नक्की उतरतेय. मग इंजिन स्लोला आणून परत बघा. तिथे थोडा वेळ १२.५ दिसलं तरी घाबरू नका, पण स्लोला उभं राहून काम करायची सवय असेल तर काही लॅम्प बंद ठेवा. नंतर मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं लॅम्पच्या प्लसला लावा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेवर कुठेतरी जोड खराब आहे. हेच मायनसच्या बाजूने करा. करंट मोजायला क्लॅम्प मीटर घेतलात तर तो डीसी मोजणारा आहे याची खात्री करा, बरेचसे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही सांगितली तरी करू नका: अल्टरनेटर चालतो का बघायला चालू इंजिनात बॅटरीची वायर काढणं. अल्टरनेटरचा करंट अचानक जायला जागा राहत नाही, क्षणभर व्होल्टेज कितीतरी पट उसळतं, आणि ३० व्होल्टपर्यंतच टिकणारे तुमचे नवे एलईडी, अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर एका झटक्यात जाऊ शकतात.

पहिल्या आठवड्याच्या कामानंतर लॅम्पचे नट, अर्थचा बोल्ट आणि फॅन बेल्ट परत आवळून घ्या. अर्धा तास लाइट चालवून फ्यूज होल्डरला, रिलेला आणि स्विचला हात लावा. कोमट लागलं तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तिथला थिंबल नीट दाबलेला नाही, तो कापून नवा बसवा. आणि लाइट बंद असताना, कामाच्या फेऱ्यांवर, भरलेल्या बॅटरीवरसुद्धा व्होल्टेज १३.५ च्या वर जात नसेल, तर जादा लाइटचा दोष नाही. अल्टरनेटर खोलून कार्बन, डायोड आणि रेग्युलेटर तपासून घ्या.